पाचव्या गोळीची घाई

शिकाऊ मुलींच्या तुकडीसाठी एक पिस्तूल निवडायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या कुणी ते चहा पिता पिता उरकलं असतं. पण काम सरांकडे गेलं, आणि सरांकडे गेलेलं काम लवकर संपल्याचं नेमबाजीच्या रेंजवर कुणाला आठवत नव्हतं.

सर म्हणजे रेंजचे कोच. पॉइंट टू-टूची, म्हणजे सगळ्यात बारक्या काडतुसाची पिस्तुलं हा त्यांचा जन्माचा विषय. नवीन पिस्तूल हातात आलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे, मग तळहातावर तोलायचे, मग डोळे मिटून चाप ओढायचे. चाप किती जड आहे ते वजनकाट्याच्या आधी त्यांचं बोट सांगायचं, आणि काटा वेगळं बोलला तर ते काट्यालाच नावं ठेवायचे. एखादा बाप पोराला घेऊन यायचा, ‘हे आमच्या वडिलांचं पिस्तूल, याच्यावरच शिकवा’ म्हणायचा. सर ते चहूबाजूंनी बघायचे आणि गुपचूप परत द्यायचे.

“पिस्तुलाला नातं नसतं,” म्हणायचे. “हातात बसतं का आणि सारखं मारतं का, बस. बाकी तुमचे वडील थोरच असणार.”

या वेळी टेबलावर तीन पिस्तुलं होती. पहिलं क्लबचं जुनं, पोलादी आणि जडशीळ. मुलींनी त्याचं नाव रेडा ठेवलं होतं. त्याला सगळं उशिरा समजायचं, चाप ओढत ओढत न्यावा लागायचा, पण एकदा कळलं की रेडा कधी चुकायचा नाही, आणि वजनामुळे धक्काही सगळा स्वतःच पिऊन टाकायचा. दुसरं नवं कोरं, क्लबच्या सचिवांनी नमुन्याला मागवलेलं. हलकं, काळंभोर, मूठ हवी तशी पुढेमागे सरकवता येणारी. चाप तर इतका हळवा की नुसतं डोळे वटारून बघितलं तरी सुटेल, असं ताई म्हणाली. ताई ही सरांची जुनी विद्यार्थिनी. आता धाकटी कोच झाली होती आणि सरांच्या बरोबरीने चाचणीला उभी होती.

तिसरं पिस्तूल सरांच्या लेकीचं होतं.

लेक जाऊन वर्ष उलटलं होतं. ताप आला, साधा वाटला, तो डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत घर रिकामं करून गेला. अंगानं अगदी काडी, म्हणून सर तिला पैलवान म्हणायचे, आणि पुढे रेंजभर तेच नाव झालं होतं. तिच्या पिस्तुलाची अक्रोडाची मूठ सरांनी स्वतः कोरली होती. लाकूड तासायचं, तिनं हात घालायचा, जिथं रुतेल तिथं पुन्हा कानस. जिथं पोकळी राहील तिथं लांबी, म्हणजे लाकडात भरतात तो लगदा, भरायची आणि ओली असतानाच तिनं बोटं दाबून धरायची. एक अख्खा उन्हाळा बापलेकीनं त्यात घालवला होता. शेवटी मूठ अशी झाली की डोळे बांधून हातात दिली तरी बोटं आपापल्या जागी जाऊन बसत.

ते पिस्तूल निवडून यावं म्हणून सरांचा जीव टांगणीला लागला होता. परवाना त्यांनी आपल्या नावावर करून घेतला होता, कायद्याची काही अडचण नव्हती. पण पिस्तूल कपाटात पडून होतं, आणि पडून राहिलेलं पिस्तूल मेलेलंच, असं ते आयुष्यभर मुलांना सांगत आले होते. मुलींच्या तुकडीत गेलं तर ते रोज वाजेल. रोज कुणीतरी त्याला तेल देईल, कुणीतरी पहिला दहा, म्हणजे टार्गेटचा ऐन मध्य, मारला म्हणून त्याला मिठी मारेल. मात्र कुणी कीव करून ते घेतलेलं सरांना चालणार नव्हतं. ते आपल्या गुणावर पहिलं यायला हवं होतं आणि ते येणारच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तर तुलना एवढी कडक ठेवली होती.

घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. घरी म्हणजे बायकोजवळ. रेंजवरची पोरं तिला काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू. लेक गेल्यापासून त्या दोघांनी एकमेकांना काही विचारणं सोडून दिलं होतं. समोरच्याची जखम दुखू नये म्हणून जो तो इतका जपून वागत होता की हळूहळू बोलणंच आटून गेलं. भाजी संपली, नळ गळतोय, एवढंच उरलं होतं. त्यातून पिस्तूल या वस्तूवर काकूंचा पहिल्यापासून राग. आणि त्याला कारणही तसंच होतं.

नेमबाज घरी ‘ड्राय’ करतात. काडतूस नाही, गोळी नाही, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं. घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, हात वर न्यायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि चाप दाबायचा. टिक. नळीच्या टोकावरची माशी हलली नाही तर गोळी बरोबर गेली असं धरायचं. अशा पाच टिकांचा एक डाव, आणि असे कितीतरी डाव, रोज. पैलवानच्या खोलीतली एक भिंत त्यासाठी कोरी ठेवलेली होती. तिच्यावर साधं कॅलेंडरसुद्धा लावायची सोय नव्हती. संध्याकाळ झाली की खोलीतून टिक टिक सुरू व्हायचं आणि स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज.

“डोकं उठवलंय नुसतं! सुतारपक्षी पाळलाय घरात!”

“आई, सुतारपक्षी फुकट काम करतो, मी मेडल आणते,” आतून उत्तर यायचं, आणि पुन्हा टिक.

त्या ड्रायचं एक पथ्य होतं. बारक्या काडतुसाचं जुन्या बांधणीचं पिस्तूल कधी रिकामं मारायचं नाही. आत काही नसलं की घोड्यापुढची पिन थेट पोलादावर, काडतूस बसतं त्या घराच्या कडेवर जाऊन आदळते, आणि कड चेपत जाते. म्हणून आत काहीतरी मऊ घालायचं. भिंतीत स्क्रू बसवताना वापरतात तो पिवळा प्लास्टिकचा गट्टू नेमका त्या मापाचा असतो. पिनेचा मार त्यानं खायचा. त्याची कड फाटली की टाकून द्यायचा आणि नवा घालायचा. पैलवान दर रविवारी नवा घालायची, आणि ‘हार्डवेअरवाल्याला वाटतं आपण घरभर भिंती पाडतोय’ म्हणून हसायची.

चाचणीच्या सकाळी सरांनी कपाट उघडलं. पिस्तूल हातात घेतलं की आधी घर तपासायचं, हा नेम. आत पिवळा गट्टू होता. तिच्या बोटांनी घातलेला शेवटचा. एवढे महिने त्यांनी तो काढला नव्हता. काढला असता तर तिनं केलेली आणखी एक गोष्ट या जगातून पुसली गेली असती. त्या सकाळी त्यांनी मान दुसरीकडे वळवली, नखानं तो बाहेर ओढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. सर आयुष्यात कुठलीही वस्तू न बघता खिशात टाकत नसत. ही टाकली.

रेंजवर चाचणी सुरू झाली. एकाच पेटीतली काडतुसं, तेच अंतर, तेच टार्गेट, प्रत्येक पिस्तुलाला पाच पाच गोळ्यांचे डाव. आधी टेकूवर हात ठेवून, मग उभं राहून. एकदा सर, एकदा ताई, म्हणजे कुणाच्या हाताचं कौतुक पिस्तुलाच्या पदरात पडायला नको. रेड्यानं आपलं काम केलं, कण्हत कुंथत पण सगळ्या गोळ्या एका पेल्याखाली झाकता येतील एवढ्या जागेत घातल्या. नव्यानं त्याहून जवळ घातल्या. पण उभं राहून मारताना ताईच्या हातून एक गोळी ठरवायच्या आधीच सुटली.

“हेच,” सर म्हणाले. “शिकणारीला चापाचं वजन कळलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा चाप ओढणाऱ्या पोरीला हे दिलंत तर ती गोळी मारायला नाही, गोळीला घाबरायला शिकेल.”

“पण दिसतंय काय छान!” सचिव म्हणाले. भला माणूस, पण पिस्तुलाकडे तो कपाटातल्या शोभेच्या वस्तूसारखाच बघायचा.

मग तिसरं. ताईनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

“सर, आधी तुम्हीच.”

सरांनी मूठ धरली. त्यांच्या पंज्याला ती लहान पडत होती, करंगळी बाहेर राहत होती. मॅगझिन भरलं, वरचा भाग मागे ओढून सोडला. तो पूर्ण पुढे आला नाही. काडतूस घरात जाता जाता अडलं होतं. सरांनी अंगठ्यानं रेटलं. नेम धरला, श्वास अर्धा सोडला, चाप दाबला.

टिक.

सर नळी टार्गेटकडे तशीच धरून थांबले, कारण कधी कधी बार उशिरा होतो. झाला नाही. काडतूस काढलं तर त्याच्या कडेवर पिनेची फक्त पुसट खूण. दुसरं काडतूस उडालं, पण रिकामं कवच आतच अडकून बसलं आणि पुढून सळई घालून ढकलावं लागलं. तिसऱ्याचं तेच. चौथं पुन्हा नुसतंच टिक.

“जुनं झालं हो,” सचिव हळूच म्हणाले. “यंत्रच आहे शेवटी. आणि नाहीतरी मूठ तासायलाच लागली असती, सगळ्या मुलींच्या हातात बसायला.”

सरांची कानशिलं तापली होती. पिस्तूल घेऊन ते मागच्या दुरुस्तीच्या टेबलावर गेले, दिवा खाली ओढला, डोळ्याला भिंग लावलं. घराच्या कडेवर, बरोबर पिन आदळते त्या जागी, खोल चेपलेला खळगा होता आणि त्याचं पोलाद आत घरात सरकलं होतं. एक दोन माराचं हे काम नव्हतं. हे रोजचं काम होतं, महिनोन्महिन्यांचं. त्यांनी खिशात हात घातला आणि सकाळचा गट्टू दिव्याखाली धरला. गट्टूची कड मार खाऊन खाऊन संपली होती. आरपार भोक पडलं होतं आणि फाटलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या.

लेक दर रविवारी गट्टू बदलायची. तिच्या हातून एका आठवड्यात त्याची ही दशा होणं शक्य नव्हतं. म्हणजे ती गेल्यावर कुणीतरी हे पिस्तूल मारत होतं, रोज, गट्टू न बदलता. आणि घरात माणसं दोनच होती.

मिस्त्री शेजारी येऊन उभा राहिला. क्लबच्या पिस्तुलांची दुरुस्ती तोच करायचा.

“होईल सर. आत आलेलं पोलाद दाबून परत बाहेर काढता येतं. ठेवून जा माझ्याकडे.”

“बघू,” म्हणून सरांनी पिस्तूल पेटीत घातलं.

घरी जाताना सरांच्या अंगाचा तिळपापड होत होता. रिकामं मारायचं नाही, हे त्या घराच्या फरशीलासुद्धा पाठ होतं. लेकीच्या हातची वस्तू, तिला असं ठोकून ठोकून मारायचं? कशासाठी? राग म्हणून? सुतारपक्ष्याचा सूड? सोफ्यावर बसून सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण विचारायची सवय मोडली होती ना. शिवाय संतापलेल्या माणसाला उत्तर नको असतं, त्याला चोर पकडायचा असतो. सरांनी तो फाटका गट्टू परत पिस्तुलात घातला, पिस्तूल कपाटात ठेवलं, किल्ली जिथं असायची तिथं, चष्म्याच्या खणात टाकली आणि मुकाट्यानं जेवले. काकू समोर बसून भात चिवडत होत्या. एकदा त्यांनी मान वर केली, काहीतरी विचारणार असं वाटलं, आणि मग म्हणाल्या, “नळवाला आला नाही आजही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सर नेहमीसारखे तुकडी घ्यायला निघाले. बूट घातले, छत्री घेतली, ‘येतो’ म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. तिथं हार्डवेअरवाल्याकडून पिवळ्या गट्टूंची एक पुडी घेतली, फाटका पुरावा तोंडावर फेकताना शेजारी धरायला नवा गट्टू असलेला बरा. आणि तिथूनच मागे वळले. आपल्याच घराचं दार त्यांनी चोरासारखं उघडलं. बूट काढून हातात घेतले. पन्नाशी उलटलेला, रेंजवर शंभर पोरांना धाकात ठेवणारा माणूस, मोज्यांवर चवड्यांनी चालत आपल्याच घरात शिरला.

आणि बोळकांडीत आला तसा ऐकू आलं.

टिक.

सरांचा पाय उचललेला तसाच राहिला. घोडा मागे ओढल्याचा बारीक ‘कट’ असा आवाज. मग शांतता, बरोबर अर्ध्या श्वासाएवढी. टिक. पुन्हा कट, पुन्हा तेवढीच शांतता. टिक. ही लय जगात एकाच माणसाची होती. ती सरांनी स्वतः शिकवली होती, बोट धरून, श्वास मोजून. टिक. चार झाल्या. आणि चौथ्यानंतर शांतता पुरती भरायच्या आत, घाईघाईनं, धक्का मारल्यासारखी पाचवी. टिक.

पाचवीची घाई! त्या पाचवीपायी सरांनी केस पांढरे केले होते. चार गोळ्या दहाच्या आत, आणि पाचवी, शेवटची म्हणून, हात खाली घ्यायची इतकी घाई की नेमकी निसटायची. सांगून झालं, रागावून झालं, चार गोळ्या मारून पाचवी न मारता हात खाली घ्यायला लावून झालं. ‘बाबा, ती माझी नाही, ती आपोआप सुटते,’ पैलवान म्हणायची. आणखी एका वर्षात ती खोड जाईल अशी सरांची खात्री होती. ते वर्ष मिळालं नाही. आणि आता, भर दुपारी, दाराआडून, तीच पाचवी.

एक क्षण, फक्त एकच क्षण, सरांना वाटलं की दार ढकललं की ती दिसेल. आपण वेडे आहोत हे त्यांना कळत होतं. तरीही हात दाराकडे न्यायचा धीर होईना, कारण ढकललं की तो क्षण संपणार होता.

त्यांनी दार ढकललं.

कोऱ्या भिंतीसमोर काकू उभ्या होत्या. वाचायचा चष्मा लावलेला, डावा हात कमरेवर, उजव्या हातात पिस्तूल. हात वजनानं खाली येत होता. माशी कुठच्या कुठे फिरत असणार. त्या नेम धरतच नव्हत्या, त्यांचे डोळे मिटलेले होते. घोडा मागे ओढायला त्यांना दर वेळी कमरेवरचा हातही लावावा लागत होता. सर दारात उभे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. टिक. टिक. टिक. टिक. आणि लगेच पाचवी.

रागाच्या भरात सरांनी जे जे पाठ केलं होतं ते सगळं बाजूला राहिलं. तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच, वर्षानुवर्षांच्या सवयीनं.

“पाचवीला घाई झाली.”

काकू दचकल्या नाहीत. वळल्याही नाहीत.

“तिची व्हायचीच ना,” म्हणाल्या.

सर खाटेच्या कडेवर बसले. हातातले बूट त्यांनी मांडीवर घेतले.

“तुला कसं कळलं? तू तर कधी बघायला आली नाहीस.”

“बघायला कशाला पाहिजे? मी स्वयंपाकघरात असायचे. एवढी वर्षं ऐकलंय भिंतीतून. चार सारख्या आणि पाचवी लवकर. मला वाटायचं, तुम्ही तसंच शिकवता.”

सरांनी मांडीवरचे बूट खाली ठेवले.

“ओरडायचे मी तिच्यावर,” काकू म्हणाल्या. “पण टिकटिक थांबली की मला कळायचं, आता भूक लागली म्हणून येईल. पाचवी झाली की मी ताट घ्यायचे. मग ती गेली. घरात इतकी शांतता झाली हो. तुम्ही जाता रेंजवर, तिथं सगळं वाजत असतं. मी एकटी इथं. एकदा कपाट आवरताना हे हातात आलं, आणि सहज… एकदाच… ते वाजलं. आणि मला हात ताटाकडे न्यावासा वाटला.”

त्यांनी पिस्तूल वर धरून त्याच्या मुठीकडे बघितलं. काकूंचा हात लेकीसारखाच होता, लहान आणि बारीक. लांबीत उमटलेल्या खळग्यांत त्यांची बोटं जाऊन बसली होती.

“यात हात घातला की तिचा हात धरल्यासारखं वाटतं. इथं तिचं हे बोट. इथं हे. कुठल्याही फोटोत ती इतकी नाही.” मग त्यांचा आवाज बदलला. “सचिवांच्या बायकोचा फोन आला होता परवा. मुलींना देऊन टाकणार म्हणे तुम्ही. मूठ तासायची म्हणे.”

“अगं…”

“मला एका शब्दानं विचारलं नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, तुमची वस्तू, तुमचा विषय. पोरगीही त्यातलं तुम्हालाच कळतं असं म्हणायची. म्हणून जाईपर्यंत जरा जास्त मारून घेत होते. काल तर नेलंतच. मला वाटलं, संपलं. पण परत आणलंत.”

सरांना वाटलं, आपण आयुष्यभर पिस्तुलांचं वजन करत बसलो. हिच्या हातात काय होतं ते एकदाही उचलून बघितलं नाही. ते उठले आणि काकूंच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोघंही त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले, कारण एकमेकांकडे बघितलं असतं तर दोघांनाही उभं राहता आलं नसतं.

“काल ते तिथं काही चाललं नाही का?” काकूंनी एकदम विचारलं. “तुमचं तोंड उतरलं होतं. असं रोज रोज करून बिघडतं का हो ते? ती म्हणायची, आई, त्याला हात लावू नकोस, बिघडेल. खरं सांगा. मी बिघडवलं का?”

पिस्तुलाला काय झालंय हे सरांनी आजवर कुणाला वाईट वाटेल म्हणून दडवलं नव्हतं. मंत्र्याच्या मुलाच्या पिस्तुलाला त्यांनी त्याच्या तोंडावर भंगार म्हटलं होतं.

“नाही,” सर म्हणाले. “काही होत नाही त्याला.”

काकूंनी सुस्कारा सोडला आणि डोळे पुसले. सरांनी खिशातून नव्या गट्टूंची पुडी काढली.

“फक्त आतला हा पिवळा तेवढा अधूनमधून बदलायचा असतो. दे इकडे.”

“नको!” काकूंनी पिस्तूल छातीशी घेतलं. “तो नका काढू. तो तिनं घातलाय.”

सरांचा हात पुडीवरच थांबला. एवढे महिने आपणही नेमकं हेच म्हणत होतो, आणि तेही कुणालाही न सांगता. एकाच घरात, एकाच प्लास्टिकच्या तुकड्याला दोघं जण दोन बाजूंनी धरून बसले होते. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लेक गेली त्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं. तेव्हा ते माणसं सांभाळत होते, कागद सांभाळत होते, सगळ्यांना चहा मिळतोय का ते बघत होते. आज सांभाळायला काही उरलं नव्हतं.

“काढत नाही,” ते म्हणाले. “नुसता फिरवतो. बघ, तुझ्यासमोर फिरवतो.”

काकूंच्या हातातच पिस्तूल ठेवून त्यांनी वरचा भाग जरासा मागे ओढला आणि नखानं गट्टू आतल्या आत फिरवला. कड जवळजवळ सगळी संपली होती. एका जागी मात्र एवढीशी शाबूत होती, नखाच्या टोकाएवढी. ती त्यांनी बरोबर पिनेखाली आणली. तेवढी काही दिवस मार खाईल. मग तीही जाईल, आणि मग पिन पुन्हा पोलादावर. जाऊ दे, सरांनी ठरवलं. कड गेली तर जाऊ दे. पुडी त्यांनी खणात टाकली.

“मार,” ते म्हणाले. “माझं थोडं काम आहे.”

काम काही नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी, काकू उभ्या राहायच्या तिथं उभे राहिले. ड्राय त्यांनी नेहमी खोलीत उभं राहून बघितला होता, मनगट, खांदा, माशी. भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता. टिक. इथून तो किती छोटा ऐकू येत होता! घरात कुणीतरी आहे, ठीक आहे, आपल्या कामात आहे, एवढंच सांगणारा आवाज.

खिशातला फोन वाजला. सचिव होते.

“अहो सर, आहात कुठं? तुकडी खोळंबलीय. आणि ते पिस्तुलाचं काय ठरवलंत? नवं कळवू का?”

“नवं नको. शिकायला रेडाच ठेवा. चाप जड आहे, पण खोटं बोलत नाही.”

टिक, आतून आलं.

“आणि मग… तिचं पिस्तूल? मिस्त्री म्हणतो दुरुस्त होईल. आम्हाला सगळ्यांना वाटतं की ते मुलींकडे यावं. असं पडून राहण्यापेक्षा…”

टिक.

“ते पडून नाही,” सर म्हणाले. “ते वापरात आहे.”

पलीकडे सचिव काहीतरी विचारत राहिले. सरांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि फडताळातून एक ताट खाली घेतलं. आतून चौथी आली, आणि तिच्या पाठोपाठ, घाईघाईनं, पाचवी.